केसभर

भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या तोंडाशी
शांतवन रणभिसे सायकल उलटी करायचे,
चाकाला हलकेच गती द्यायचे
आणि रिमजवळ खडू धरून बसायचे.
जिथं खडू लागला, तिथं आऊट.

मी तेव्हा चोवीस वर्षांची.
घोरपडीहून सायकलवर यायचे.
शुक्रवारचा उपास, बुधवारची रात्रभर प्रार्थना,
यहूदाचे सगळे राजे ओळीनं पाठ,
चांगले कोणते, वाईट कोणते, कोण किती वर्षं.
पाळकांच्या उपदेशातली चूक
दारातच, हात मिळवतानाच सांगायचे.
देवळातले लोक म्हणायचे, सुवार्ता वाढतेय.
मलाही तसंच वाटायचं.

"ब्रेक घासतोय," मी म्हटलं. "रबर बदला."
रबराकडे त्यांनी बघितलंही नाही.
नखानं एकेक तार छेडत गेले,
टण्, टण्, टण्,
आणि एकीशी थांबले. तिचा आवाज
चिरका, उंच, सगळ्यांच्या वरचढ.
"ही कुणी पिळली?"
मीच. घरी. पाना हाताशी होता म्हणून.
"चांगली घट्ट आहे हो," ते म्हणाले,
"म्हणून तर चाक तिकडं ओढलं गेलंय."

त्यांना फक्त चाकाबद्दल म्हणायचं होतं.
उपदेश त्यांना यायचा नाही.
रविवारी शेवटच्या बाकावर ते बहुधा पेंगत.

त्याच आठवड्यात, जेवताना,
वहिनीकडे मीठ मागितलं. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडून.
भाऊ म्हणाला, डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही.
कधीपासून?
तीन वर्षं झाली, सुवार्ता.
तीन वर्षं भिंतीच्या अलीकडे
मी देवाला मोठमोठ्यानं हाका मारत होते
आणि पलीकडे ती माझं ताट घासत होती.

मग मी दुसऱ्या बाजूच्या तारा पिळल्या.
ससूनमध्ये डबे, महिला मंडळाचे हिशोब,
वहिनीच्या कानाचा डॉक्टर, कुणाच्या मयताला खुर्च्या,
सगळ्याला हो.
शास्त्र मिटलेलं, त्यावर विजेची बिलं.
एका दुपारी डबा उघडून देताना
एका म्हातारीनं नुसता माझा हात धरून ठेवला
आणि मी घड्याळ बघितलं.

चाक आता पलीकडच्या रबराला घासत होतं.

रणभिसे हसले नाहीत.
"आधी सैल करायला लागतं," म्हणाले,
"इकडं पाव आटा, तिकडं पाव.
एका बैठकीत होत नाही. चालवा. आठ दिवसांनी या."
आठ दिवसांनी गेले. मग महिन्यानं.
मग, खरं सांगायचं तर, वीस वर्षं.

या वीस वर्षांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.
नासरेथातल्या त्या सुतारखान्याबद्दल तरी
कुणी काय लिहून ठेवलंय?
रंधा, भुसा, जेवायला आईची हाक,
शब्बाथाची वाट बघणारे हात. तिथंच तो मोठा झाला.
मी सकाळी एक अध्याय वाचते, कधी अर्धाच.
उपास करते, पण घरच्यांवर डाफरायला लागले की जेवून घेते.
पाळकांची चूक सापडली तर
मंगळवारपर्यंत थांबते.
मंगळवारी बहुधा ती माझीच निघते.

दुकान गेलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं लटकतात.
शेवटचं चाक त्यांनी फिरवून दाखवलं तेव्हा
खडू एका जागी किंचित लागला.
मी बोट दाखवलं.
"केसभर राहतोच," ते पाना पुसत म्हणाले.
"तेवढा रस्ता काढतो."

काढला की नाही, माहीत नाही.
रविवारी देवळात जाते. वहिनी आधीच आलेली असते,
खांबाजवळच्या बाकावर.
मी तिच्या उजव्या बाजूला बसते.